मुस्तफासाठी पडदा

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी एक लाकडी खोका करवून घेतला. साडेपाच फूट उंच, दोन फूट रुंद, अठरा मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडचा. वरच्या भागात पडद्यासाठी खिडकी आणि तिच्याखाली दोन जॉयस्टिक व बारा बटणे बसतील अशी किंचित उतरती फळी. सुताराला तो काय आहे हे सांगताना माझी बरीच पंचाईत झाली. देव्हारा नाही, कपाट नाही, पुस्तकांसाठी तर नाहीच नाही. त्याने दोनदा माझ्या आकृतीकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिले व म्हणाला, "म्हणजे सर, व्हिडिओ गेमचा डबा ना? आमच्या गावात होता." त्यानंतर त्याने एकही प्रश्न विचारला नाही. उलट, नाणे टाकायची फट मी आकृतीत दाखवायला विसरलो होतो, ती त्याने आपणहून कोरली.

मराठी साहित्य शिकवणाऱ्या, पंचेचाळिशी गाठलेल्या माणसाने हा उद्योग का करावा, याचे पटण्याजोगे कारण मला तेव्हा देता आले नसते. विभागातल्या सहकाऱ्यांना मी याबद्दल बोललेलो नाही. त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर आता कळेलच. परीक्षेच्या उत्तरपत्रिका, अभ्यासमंडळाच्या बैठका आणि दर दोन वर्षांनी बदलणारे अभ्यासक्रम यांच्यामधून माणसाला कधीतरी हाताने काहीतरी करावेसे वाटते, असे मी घरी सांगितले. ते खोटे नव्हते. पण पुरेसे खरेही नव्हते.

आत बसणारे यंत्र मिळवणे अगदीच सोपे निघाले. रास्पबेरी पाय नावाचा, तळहातावर मावणारा संगणक २०१२पासून मिळतो आहे. जुन्या आर्केड यंत्रांच्या सर्किटांची संगणकावर नक्कल करणारी 'मेम' ही प्रणाली तर त्याहून जुनी, १९९७ सालची. निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रॅमरने ती सुरू केली आणि पुढे कितीतरी जणांनी ती वाढवली. तिचा घोषित उद्देश खेळ खेळता यावेत हा नसून जुनी यंत्रे कशी चालत याची नोंद राहावी हा आहे. हा उद्देश मला फार आवडतो, आणि सगळ्यांप्रमाणे मीही तो बाजूला ठेवून खेळतो. खेळांच्या मालकीहक्काचा प्रश्न त्या प्रणालीने सुटत नाही हे खरे. परंतु ज्या पिढीने दुर्मिळ पुस्तकांच्या झेरॉक्स प्रतींवर एम. ए. केले, तिने याबाबतीत फार साळसूदपणा दाखवू नये.

खोका झाला, यंत्र झाले, बटणे आली. राहिला पडदा. त्याची निवड करायला मला पाच महिने लागले.

इथे थोडे मागे जाणे भाग आहे. बार्शीला, मी नववीत असताना, म्हणजे १९९५च्या सुमारास, आमच्या घरापासून चार गल्ल्या सोडून एका गाळ्यात व्हिडिओ गेमचे दुकान निघाले. तिथे दोन डबे होते. एकावर खेळ बदलत असत. दुसऱ्यावर कायम 'मुस्तफा'. या खेळाचे खरे नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. मार्क शुल्ट्झ या अमेरिकन चित्रकाराच्या 'झेनोझोइक टेल्स' या कॉमिकवरून जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो १९९३ साली काढला. त्यात चार वीर आहेत आणि खेळाडूने त्यांतला एक निवडायचा असतो. त्यांच्यापैकी पिवळ्या टोपीचा, धावत जाऊन लाथ मारणारा मुस्तफा आपल्याकडच्या पोरांनी असा काही उचलून धरला की बार्शीतच नव्हे, भारतभर तो खेळ त्याच्याच नावाने ओळखला गेला. पडद्यावर मूळ नाव रोज ठळक अक्षरांत झळकत असे. ते वाचण्याची गरज आमच्यापैकी कुणाला पडली नाही.

अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते. त्या डब्यात परदेशी बनावटीचा आर्केड मॉनिटर असणे शक्यच नव्हते. गाळामालकाने एक वीस इंची रंगीत टीव्ही मोडून त्याची पिक्चर ट्यूब आत बसवली होती, आणि ती चित्र धरीना म्हणून अण्णांना बोलावणे आले. अडचण साधी होती. आपला टीव्ही सेकंदाला पन्नास वेळा पडदा रंगवण्यासाठी बनलेला. खेळाची पाटी साठच्या आसपास वेळा चित्र पाठवणार. त्यामुळे चित्र रहाटासारखे वर-वर फिरत राही. अण्णांनी पाटीतून निघणाऱ्या लाल, हिरव्या आणि निळ्या अशा तीन तारा थेट टीव्हीच्या किटमध्ये नेऊन जोडल्या, उभी पकड जुळवली, उंची वाढवली, आणि मुस्तफा जागेवर उभा राहिला.

हे काम डब्याच्या मागे उभे राहून करावे लागते. पडदा पुढे आणि स्क्रू मागे. म्हणून टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडे एक आरसा असतोच. तो पडद्यासमोर धरायचा, म्हणजे मागून चित्र दिसते. आरसा धरायला मी होतो. मला समोर आरशाची तांबड्या रंगाची पाठ दिसे. अण्णांना चित्र दिसे, पण उलटे. पडद्यावरची अक्षरे उफराटी, आणि मुस्तफा उजवीकडून डावीकडे पळणारा. त्या दुकानात अण्णांना पुढे वर्षभर दर एक-दोन महिन्यांनी जावे लागले आणि प्रत्येक वेळी त्यांनी तो खेळ तसाच पाहिला. समोर येऊन बघावे असे त्यांना कधी वाटले नाही. काम झाले की ते आरसा वर्तमानपत्रात गुंडाळत आणि निघत.

मला तिथे जायची मनाई होती. मी जात होतो. एका रुपयात एक डाव, आणि रुपया दुकानाच्या गल्ल्यातून. अण्णा रोज रात्री वहीत हिशेब लिहीत, त्यामुळे तो रुपया त्यांना लागत नसेल हे संभवत नाही. त्यांनी कधी विचारले नाही आणि मी कधी सांगितले नाही.

तर पडदा. या क्षेत्रातले जाणकार दोन पंथांत विभागलेले आहेत आणि त्यांच्यातला वाद शैव-वैष्णवांच्या वादाइतकाच चिवट आहे. एक पंथ म्हणतो, जुना खेळ जुन्या काचेवरच. दुसरा म्हणतो, एलसीडी लावा आणि सुखी व्हा. मी दोन्हींकडचे बरेच वाचले आणि माझ्या मराठीच्या डोक्याला झेपले तेवढे समजून घेतले.

पिक्चर ट्यूबमध्ये मागच्या बाजूने इलेक्ट्रॉनांचा झोत येतो आणि काचेच्या आतल्या लेपावर डावीकडून उजवीकडे, वरून खाली, ओळीमागून ओळ असा फिरतो. जिथे आदळतो तिथला लेप क्षणभर उजळतो आणि विझतो. टीव्हीच्या प्रक्षेपणात एका फेरीत विषम ओळी आणि दुसऱ्या फेरीत सम ओळी रंगवल्या जातात. जुनी खेळयंत्रे ही युक्ती वापरत नसत. ती प्रत्येक फेरी त्याच त्या ओळींवर पाठवत, आणि मधल्या ओळी कोऱ्याच राहत. म्हणून त्या खेळांच्या चित्रात बारीक काळ्या रेघा दिसतात. मुस्तफाचे चित्र २२४ ओळींचे आहे. प्रत्येक ओळीत ३८४ ठिपके. आता ३८४ आणि २२४ हे प्रमाण जवळजवळ आजच्या रुंद पडद्याचे. पण कॅपकॉमने हे चित्र चारास तीन या जुन्या प्रमाणाच्या काचेसाठी काढले होते, तिथे ते आडव्यात दाबून बसे. म्हणजे त्या चित्रातला ठिपका चौरस नाही, उभट आहे. हे न कळल्यामुळे पुष्कळ लोक तो खेळ रुंद पडद्यावर काठोकाठ भरून खेळतात आणि मुस्तफा चांगला खातापिता दिसू लागतो.

एलसीडीची तऱ्हा वेगळी. तिच्यात ठिपक्यांची संख्या कारखान्यातच ठरलेली. त्यामुळे २२४ ओळी तिच्यावर पसरायच्या तर भागाकार आला, आणि तो निःशेष जात नसेल तर काही ओळी चार ठिपक्यांच्या, काही पाचांच्या. चित्र स्थिर असताना हे जाणवत नाही. सरकू लागले की काठ उसवल्यासारखे दिसतात. दुसरे, एलसीडीचा ठिपका विझत नाही. पुढचे चित्र येईपर्यंत, म्हणजे सेकंदाचा साठावा भाग, तो तसाच तेवत राहतो, आणि धावत्या आकृतीमागे धावणाऱ्या डोळ्याला ती फरपटल्यासारखी दिसते. तिसरे, तिचा काळा रंग खरा काळा नसतो. मागे दिवा जळतच असतो. काळा म्हणजे दिव्यापुढे धरलेला पडदा. चौथे, काही स्वस्त पडदे खालून पाहिले की काळवंडतात, आणि आर्केडच्या डब्यात पडदा मागे कललेला असतो, समोर कधी उंच माणूस उभा राहतो, कधी मूल. पाचवे, दिवाणखान्यातला टीव्ही लावला तर तो चित्र 'सुधारण्यात' इतका वेळ घालवतो की बटण दाबल्यावर लाथ उशिरा पडते. याखेरीज त्या यंत्राचा वेग सेकंदाला नेमका साठ नसून सुमारे ५९.६ चित्रे, त्यामुळे साठच्या पडद्यावर दर अडीच-तीन सेकंदांनी एक चित्र दोनदा दाखवावे लागते आणि बारीकसा आचका बसतो. नव्या काही मॉनिटरांना आपला वेग चित्राच्या वेगाशी जुळवून घेता येतो; पण ते सगळे रुंद. चोवीस इंची रुंद मॉनिटरवर चारास तीनचे चित्र जेमतेम साडेएकोणीस इंची होते आणि दोन्ही बाजूंना काळ्या भिंती उरतात.

काचेच्या बाजूने एवढे सगळे होते. विरुद्ध बाजूने इतकेच, की पिक्चर ट्यूब आता कुणी बनवत नाही, एकवीस इंची टीव्ही वीसेक किलोचा असतो, आणि त्याच्या आत वीस हजार व्होल्टच्या पुढचा दाब असतो जो बटण बंद केल्यावरही काचेत टिकून राहू शकतो. मी काचेच्या पंथात गेलो. सगळी कारणे वहीत लिहून काढली होती आणि ती सगळी खरी होती.

न लिहिलेले कारण असे. बार्शीचे दुकान अण्णांनी २०१३ साली बंद केले. सपाट टीव्ही घरोघर आले आणि त्यात दुरुस्त करण्यासारखे फार उरले नाही. बिघडला तर आतली अख्खी पाटी बदलायची, ती कंपनीचा माणूस बदलणार. अण्णा आणि आई आमच्याकडे पुण्याला आले. अण्णा आज ७८ वर्षांचे आहेत. चार वर्षांपासून त्यांचा उजवा हात थरथरतो. चहाचा कप ते डाव्या हाताने धरतात आणि पाहुणे आले की उजवा हात मांडीखाली घालून बसतात. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी झोप, संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर. मला वाटले, काच आणली तर त्यांच्यावाचून चालणार नाही.

जुन्या बाजारात एका रविवारी मला एकवीस इंची टीव्ही मिळाला, आठशे रुपयांना. रखवालदाराच्या मदतीने तो दुसऱ्या मजल्यावर चढवला. अण्णा खुर्चीवरून उठले, मागच्या जाळीतून आत डोकावले, आणि म्हणाले, "ब्रश आण. मऊ. पेंटचा चालेल."

पुढचे तीन दिवस संध्याकाळी ते सांगत आणि मी करत असे. धुळीचा आणि तापलेल्या मेणाचा तो वास मला तीस वर्षांनी पुन्हा आला. रास्पबेरी पायमधून पिवळ्या पिनेची तार टीव्हीला जोडली. चित्र आले. टोपीचा पिवळा रंग ठीक होता. लाल मात्र सगळीकडे काठाबाहेर उतत होता. अण्णा म्हणाले, "ही तार तिन्ही रंग एकात कालवते. सुटे न्यायला पाहिजेत." मग त्यांनी खोक्याकडे पाहिले, त्याच्या सगळ्या बाजूंनी एक फेरी मारली आणि नाण्याच्या फटीपाशी थांबले. "ही बरी ठेवलीस," ते म्हणाले. "आता सावकाश एक-एक रुपया परत टाक." आई स्वयंपाकघरातून "कसला रुपया?" म्हणून विचारत राहिली. आम्ही दोघेही उत्तर न देता किटकडे बघत बसलो.

काच खोक्यात बसवायची तर टीव्हीच्या प्लॅस्टिकच्या कवचातून ती बाहेर काढायला हवी, आणि त्यासाठी ट्यूबच्या मानेवरची छोटी पाटी खेचून सोडवायला हवी. मान म्हणजे ट्यूबची मागची नळी. बोटाएवढी जाड, बाकीच्या सगळ्या अवजड काचेच्या मानाने फारच नाजूक. मी म्हणालो, "अण्णा, शनिवारी करू. मी घरी आहे शनिवारी." ते बरे म्हणाले. गुरुवारी मला परीक्षेचे पर्यवेक्षण होते.

संध्याकाळी घरी आलो तर अण्णा बाल्कनीत बसले होते. टीव्ही उघडा, बाजूला स्क्रू बशीत नीट ठेवलेले, काचेतला दाब उतरवायची तार जागच्या जागी लावलेली. कामात काही चूक नव्हती. फक्त मानेच्या टोकाला एक बारीक चीर होती. ट्यूबच्या मानेत आतून आरशासारखा चंदेरी डाग असतो. आत हवा शिरली की तो दुधासारखा पांढरा पडतो. तो पांढरा पडला होता.

"मान गेली," अण्णा म्हणाले.

आई मला आत घेऊन गेली आणि हळू आवाजात बोलली. "त्यांना हात लावू देऊ नकोस म्हटलं होतं ना मी तुला? डावा हात खिशात घालून उभे होते. मी पाहिलं. अहो, दोन हातांनी धरा म्हटलं, तर ऐकू आलं नाही त्यांना."

डावा हात खिशात, ही अण्णांची पन्नास वर्षांची शिस्त. जास्त दाबाच्या ठिकाणी काम करताना एकच हात आत घालायचा. दोन्ही घातले आणि झटका बसला तर तो एका हातातून दुसऱ्या हातात छातीमार्गे जातो. दुकानात येणाऱ्या प्रत्येक शिकाऊ मुलाला ते पहिल्या दिवशी हे सांगत. मलाही सांगितले होते. या वेळी दाब उतरवून झाला होता, दोन्ही हात लावायला हरकत नव्हती. पण हात सवयीने खिशात गेला, आणि गेला तो धड हात. कामाला राहिला तो थरथरणारा.

मी बाल्कनीत जाऊन बसलो. आठशे रुपयांचा जुना टीव्ही तर होता, असे काहीतरी म्हणालो. अण्णा बराच वेळ खालच्या रिक्षांकडे बघत होते. मग म्हणाले, "मला काम द्यायचं म्हणून आणलास ना हा डबा?"

माझ्याकडे वही होती, तिच्यात काळ्या रेघा, उभट ठिपके, ५९.६ असे सगळे मुद्दे होते. त्यातला एकही मला सांगता आला नाही.

"तसं असेल तर विचारायचं," ते म्हणाले. "मी नको म्हटलं असतं."

महिनाभर खोका खिडकीच्या जागी भोक घेऊन दिवाणखान्यात उभा होता. मी एलसीडी घ्यायचे ठरवले. ठरवले म्हणजे दुसरे काही उरले नव्हते. दुसरी काच आणून पुन्हा अण्णांसमोर ठेवण्याचे धाडस माझ्यात नव्हते, आणि ती स्वतः उघडण्याचे तर नव्हतेच. मी या वेळी त्यांना विचारले. कुठला घ्यावा? ते म्हणाले, "गणित तूच केलंयस. सांग."

मी सांगितले. बाजारात जुने चौकोनी दिसणारे सतरा आणि एकोणीस इंची मॉनिटर ढिगाने मिळतात, पण ते बहुधा १२८० बाय १०२४, म्हणजे पाचास चार. चारास तीन नव्हेत. वर-खाली बत्तीस-बत्तीस ओळी सोडाव्या लागतील आणि २२४ने भागाकारही सुटा जात नाही. त्याऐवजी १६०० बाय १२००चा वीस इंची मिळाला तर तो नेमका चारास तीन. २२४ला पाचाने गुणले की ११२०. वर चाळीस, खाली चाळीस ओळी मोकळ्या आणि प्रत्येक ओळ बरोबर पाच ठिपक्यांची. आडव्यात थोडी तडजोड राहते. वेग जुळवता येत नाही, तो आचका राहील. आयपीएस प्रकारचा पाहून घेतला तर वरून, खालून, बाजूने सारखाच दिसेल.

"घे," अण्णा म्हणाले.

तपकीर गल्लीत नाही मिळाला. एका कार्यालयाचे जुने सामान विकणाऱ्याकडे मिळाला, बावीसशे रुपयांना. चार स्क्रूंत बसला. मागे बघण्यासारखे काहीही नव्हते.

आता मेममध्ये एक सोय आहे. एलसीडीवर काचेचा भास व्हावा म्हणून ओळींच्या मधे कृत्रिम काळ्या रेघा उमटवता येतात. या रेघांवर जाणकारांनी अपार मेहनत घेतली आहे. कुठल्या कंपनीच्या काचेवर त्या किती जाड दिसत इथपर्यंत. मी त्या मोठ्या भक्तिभावाने लावल्या आणि अण्णांना बोलावले.

"ह्या रेघा कसल्या?"

मी म्हणालो, अशाच असायच्या ना, बार्शीच्या डब्यात.

"छे," अण्णा म्हणाले. "फोकस फार धारदार झाला की त्या दिसायच्या. मालकाला वाटायचं ट्यूब खराब आहे. म्हणून मी फोकस किंचित उतरवून ठेवायचो. रेघा बुजेपर्यंत."

मी किती तरी वर्षे विद्यार्थ्यांना पाठचिकित्सा शिकवतो आहे. एकनाथांनी शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली हे सांगताना मी दरवर्षी विचारतो की शुद्ध म्हणजे काय. ग्रंथ रचला गेला तेव्हाचा, की लोकांनी तीनशे वर्षे गायला, लिहून घेतला, चुकत-सुधारत वाहून आणला तो? वर्गात हा प्रश्न चांगला वाटतो. इथे कॅपकॉमच्या पाटीतला मुस्तफा ही एक संहिता होती. ती परदेशातल्या कारखान्यातल्या मॉनिटरवर जशी उमटे ती एक प्रत, आणि मी तिच्यामागे लागलो होतो. पण माझ्या आठवणीतला मुस्तफा ती प्रत नव्हताच. तो वीस इंची टीव्हीच्या काचेवरचा, ताणलेल्या उंचीचा, फोकस उतरवलेला, माझ्याच वडिलांच्या हातचा भ्रष्ट पाठ होता. काळ्या रेघा ज्या माणसाने काळजीपूर्वक बुजवल्या होत्या, त्याच्याच घरात मी त्या विकत घ्यायला निघालो होतो.

मी रेघा काढून टाकल्या. मग अण्णांना म्हणालो, तुम्ही सांगा, किती मऊ हवा. मेममध्ये चित्राचे काठ मऊ करण्याची पट्टी असते. ती मी सरकवत गेलो. "अजून. अजून थोडा. बास. एक घर मागे." तिथे ठेवला. काळा रंग त्यांना शेवटपर्यंत पटला नाही. "राखाडी आहे," एवढेच म्हणाले, आणि खोलीतला दिवा लावायला सांगितला. दिवा लावल्यावर तो कमी राखाडी दिसू लागला. हा उपाय मला कुठेही वाचायला मिळाला नव्हता.

मग आम्ही खेळलो. त्यांना मी मुस्तफा दिला आणि जॅक घेतला. त्यांनी जॉयस्टिक डाव्या हातात धरली. बटणे उजव्या हाताला येतात, आणि या खेळात बटण जितके भराभर दाबाल तितके बरे, त्यामुळे उजव्या हाताबद्दल मला वाटत होती तेवढी अडचण आली नाही. पडदा सरकू लागला तशी त्यांनी जॉयस्टिक डावीकडे ढकलली. मुस्तफा भिंतीला टेकल्यासारखा पडद्याच्या डाव्या काठाशी पाय आपटत राहिला.

"अण्णा, उजवीकडे."

"इकडे?" त्यांनी पडद्याकडे जरा वेळ पाहिले. "हा इकडे पळतो होय."

पहिल्या टप्प्यात त्यांचे सगळे जीव गेले. आईने जेवायला वाढले होते.

फुटलेली ट्यूब मी ई-कचरा नेणाऱ्या गाडीत दिली. तिच्या काचेत शिसे असते, ती भंगारवाल्याला देऊ नये असे अण्णांनीच बजावले. किट मात्र त्यांनी ठेवून घेतले आहे. ते चांगले आहे, कुणाला तरी लागेल, असे त्यांचे म्हणणे. माझ्या पुस्तकांच्या कपाटात खालच्या खणात, वर्तमानपत्रात गुंडाळून, ते अजून आहे. दोन जणांना विचारले. एकाला नको होते, दुसऱ्याने अजून कळवलेले नाही.